पोपटरावांचा नमुना

"दोष तोच आहे, काका," रश्मी म्हणाली. "तुमच्या भावात सापडला होता तोच. अगदी त्याच जागी."

शिरूरच्या दवाखान्यातल्या त्या लहानशा खोलीत पोपटराव कागदाकडे बघत राहिले.

रश्मी एका अभ्यासासाठी काम करत होती. जनुकं आणि सवयी तपासून स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका कुणाला किती, हे आधीच सांगायचं, असा तो अभ्यास.

"होईलच असं नाही. पण धोका बराच जास्त आहे. तंबाखू बंद करा, दरवर्षी तपासणी करा."

"हे बाहेरनं लागतं का वो?"

"नाही. आईबापांकडूनच येतं."

तपासायला दिलेल्या नळीतली थुंकी पोपटरावांची नव्हतीच.

वडील कोंडिबा आणि थोरले भाऊ भिमाजी, दोघंही पन्नाशीत पिवळे पडून, झिजून गेले. पोपटरावांची लेक सायली हिचं दौंडला जमत आलेलं लग्न त्यावरच अडलं होतं. "तुमच्या घरात ते दुखणं हाय म्हणं?" असं मुलाकडच्यांनी तोंडावर विचारलं. लेकीसाठी धोका नसल्याचा एक कागद हवा होता. आपल्या थुंकीचा भरवसा नव्हता, म्हणून पोपटरावांनी ती नळी निमोण्याला शंभूकडे पाठवली. शंभू त्यांचा बालमित्र, मेंढपाळाच्या घरातला. त्याचे आजे-पणजे नव्वदीपार जगलेले. दुसऱ्या दिवशी नळी भरून आली.

मग शंभूच्या थुंकीत कोंडिबांच्या घराण्याचा दोष आला कुठून?

मोटारसायकल निमोण्याच्या वाटेला लागली. शंभूच्या घरची मेंढरं दरसाल खतासाठी कोंडिबांच्याच रानात बसायची. शंभूची आई आली की कोंडिबा घरी जेवायलासुद्धा यायचे नाहीत. पोपटरावांना शंभूचं नाक आठवलं. त्याची जरा पुढं झुकून चालायची लकब आठवली. त्यांनी गाडी आणखी जोरात सोडली.

शंभू गोठ्यापुढं बाजेवर बसला होता. पोपटराव त्याच्या शेजारी बसले.

"शंभू, आपण भाऊ हाय. एकाच बापाचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. "आबांनी लपवलं. पर मी तुला सोडायचो न्हाई. उद्याच पुण्याला जाऊ. तुझी तपासणी मी करून घेतो."

शंभूचा चेहरा उतरला होता.

"रिपोर्टात नक्की तेच आलंय? भिमाजीचंच?"

"व्हय."

"पोपट, मी थुंकलोच न्हाई रं," शंभू हळूच म्हणाला. "माझं तोंड सदा तंबाखूनं भरल्यालं. म्हणलं, नमुना बाद व्हायचा. नळी घिऊन सायलीच आल्ती. म्हणलं, तरणीताठी पोर, हिला कुठला आलाय रोग? तिलाच भरायला लावली."