चार दिवसांचा आराम

१९६१ साली भातझोडणी उरकल्यावर मास्तरीण झालेल्या लेकीनं आईबाबांना मालवणच्या किनाऱ्यावरच्या चार खोल्यांच्या हॉटेलात आरामाला पाठवलं. दाजी खुशाल समुद्र बघत बसले. मथुरेला मात्र आयता चहा, आयतं ताट गोड लागेना. हाताला काम नाही म्हणून ती खोलीतून पडवीत आणि पडवीतून खोलीत नुसत्या येरझारा घालायची.

तिसऱ्या दुपारी ती पडवीत दिसेना. दाजींनी सगळा किनारा पालथा घातला आणि शेवटी मालकिणीला विचारायला घाबरेघुबरे होऊन स्वयंपाकघरात शिरले. तिथं मथुरा एकटीच नारळ खवत बसली होती.

"तू हंय? आणि मालकीण खंय गेली?"



"हळू बोला. आपल्या दोगांच्या खोलयेत निजली आसा. हॉटेल काढल्यापासून पयल्यांदाच दुपारी आडवी झाली."