बशीतला यानिक

जळक्या कॉफीचा वास. खुंटीवर कुणी न नेलेला पांढरा कोट. खिडकीखाली पॅरिसमधली सोमवारची घाई. काचेच्या बशीत यानिकच्या कातडीपासून संस्थेत वाढवलेल्या हृदयपेशी धडधडत होत्या. यानिकला पुरून महिना झाला होता. त्याचं संशोधन बंद झालं, म्हणून आज त्याच्या बायकोला, सोलेनला, त्या पेशी मारण्यासाठी बशीत ब्लीच ओतावं लागणार होतं. “जिवंतपणी पठ्ठ्या कधी वेळेवर आला नाही,” सूक्ष्मदर्शकातून बघत यानिकची सहकारी ओदील म्हणाली, “आता बघ कसा ठेक्यात चाललाय!” सोलेन हसता हसता रडली. “माझ्याने नाही होणार गं.” “मग नको ओतूस. पेशी उबवणी पेटीबाहेर गार पडल्या की तासाभरात आपोआप थांबतात.” सोलेनने बशी तळहातावर घेतली. तापलेल्या कपाळासारखी गरम होती. “राहू दे त्याला आजचा दिवस,” म्हणत तिने ती परत पेटीत ठेवली. वीज कामगारांच्या संपामुळे पेटीची वीज शुक्रवारीच गेली होती, ती अजून आली नव्हती.