मेंढीएवढं मांजर

टॉर्किलच्या अंगणात बंदुका घेऊन माणसं जमली होती आणि आज कोणीही हसत नव्हतं.

त्याचाच त्याला अधिक संताप येत होता. तीन वर्षांपूर्वी त्याने सांगितलं होतं, सांजवेळी वरच्या कड्यावर काळंकुट्ट मांजर पाहिलं, मेंढीच्या शेजारी उभं होतं आणि चांगलं मेंढीएवढं होतं. त्या खोऱ्यात सगळं मेंढीनेच मोजतात, बर्फ असो की पोरांची उंची. तरी अख्ख्या गावाने त्याची रेवडी उडवली. ज्याने जन्मात व्हिस्कीला ओठ लावला नाही, जो चर्चच्या पंचांत बसतो, त्याला शेंबडी पोरं भर रस्त्यात विचारायची, किती पेले झाले होते म्हणून. जमीनदाराचं रान राखणारा फिनले तर त्याला पाहिलं की म्याव करायचा. टॉर्किल त्यांच्यावर डाफरायचा आणि आतून जळत राहायचा. आपल्याला कोणी खोटारडा म्हणावं यापरता अपमान त्याला ठाऊक नव्हता.

यंदा कोकरं नाहीशी व्हायला लागली आणि एकाएकी सगळ्यांना टॉर्किलचं जनावर आठवलं.

"चुकलंच आमचं," फिनले म्हणाला. "तू नुसती जागा दाखव. संध्याकाळी ते माझ्या कुंपणावर लटकलेलं असेल."

फिनलेच्या कुंपणावर कोल्हे, कावळे, मुंगसासारखी बारकी जनावरं ओळीने टांगलेली असत. मालकाला काम दिसावं म्हणून ही रीत त्याच्या बापापासूनची. टॉर्किलने सगळ्यांना थांबायला सांगितलं. आधी मी एकटा जाऊन येतो, म्हणाला. इतकी वर्षं टोमणे त्याने एकट्याने खाल्ले होते, तेव्हा पहिला मान त्याचाच होता.

वाटेत ओढ्याकाठी कोल्ह्याच्या बिळापाशी कोकरांची ताजी हाडं पडली होती. ती पाहून तो मनात चरकला, पण चढत राहिला. या खेपेला तो पलीकडच्या अंगाने चढला. ऊन पाठीवर होतं.

आणि मांजर तिथेच होतं. मेंढीच्या शेजारीच, मेंढीएवढंच. पण ती मेंढी टॉर्किलच्या गुडघ्याएवढी होती. जमीनदाराच्या बायकोने हौसेने कुठल्याशा बेटावरून आणलेल्या बुटक्या मेंढ्या बागेतून पळून कधीच्या इथवर चढल्या होत्या. मांजर काळं तर मुळीच नव्हतं. मागून उजेड असला की कड्यावरचं काहीही काळंच दिसतं. अंगावर पट्टे, जाड शेपटीवर काळी कडी. रानमांजर. असं एक त्याने लहानपणी पाहिलं होतं, फिनलेच्या बापाच्या कुंपणावर टांगलेलं. खोऱ्यातलं शेवटचं, असं तेव्हा मोठी माणसं म्हणाली होती. दगडांच्या फटीतून दोन पिल्लं बाहेर आली आणि आईच्या शेपटीशी झोंबू लागली.

टॉर्किलने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. तीन वर्षं तो लोकांवर डाफरत होता आणि या बंदुका त्यानेच इथवर आणल्या होत्या.

तो खाली आला तेव्हा सगळे तयारीत उभे होते. खरं ते सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण फिनलेच्या कुंपणाला मोठं काय नि लहान काय. कोकरांचा राग कुणाच्या तरी कातड्यावर निघणारच होता आणि बंदुका घेऊन आलेल्यांना आज रिकाम्या हाताने परत पाठवणं सोपं नव्हतं. त्याला त्या सगळ्यांची मनापासून चीड आली.

"वर काही नाही," तो म्हणाला. "कोकरं कोल्हा नेतोय. ओढ्याकाठी बीळ आहे, तिकडे जा."

"आज नसेल," फिनले म्हणाला. "पण येणारच ना. आम्ही वर दबा धरून बसतो. तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंयस. चर्चमध्ये छातीवर हात ठेवून सांगितलंस. तुझ्यासारखा माणूस खोटं बोलेल होय?"

सगळे आदराने त्याच्याकडे पाहत होते. याच नजरेसाठी तो तीन वर्षं तळमळला होता.

"तेव्हा मी प्यायलेलो होतो," टॉर्किल म्हणाला.