वस्तादांची माहिती

डेंग्यूचा ताप उतरताच हिंदुराव वस्तादांनी पिशवी भरली. "चाललो घरी!"

डॉक्टर शलाका आडव्या आल्या. "थांबा. तुमचे रिपोर्ट आधीच्या रुग्णांच्या रिपोर्टशी ताडून पाहून संगणक सांगतोय, तुमचा धोका अजून टळलेला नाही."

वस्ताद कुरकुरत थांबले. संध्याकाळी त्यांचा रक्तदाब एकदम घसरला. पण सगळे सावध होते, लगेच सलाईन लागलं आणि जीव वाचला.

बरे झाल्यावर त्यांनी विचारलं, "यंत्राला कसं कळलं?"

"आधीच्या रुग्णांनी त्यांची माहिती वापरू दिली, म्हणून."

"मग माझीबी घ्या, पुढच्याच्या कामी येईल. फक्त मी घाबरलो होतो ते लिहू नका. तालमीतली पोरं हसतील."

"त्यात कुणाचंच नाव नसतं, वस्ताद."

"असं होय?" वस्ताद खुलले. "मग लिहा, लई घाबरलो होतो!"