रविवारचा बिघाड

संगमेश्वरअप्पांनी माऊसच्या डाव्या-उजव्या कळांची अदलाबदल केली, केल्याची खूण मागे राहिली नाही ना ते पाहिलं आणि लातूरला लेकीला फोन लावला.

"माय, माऊस उलटा चालतोय बघ. एक उघडायला जावं तर भलतंच उघडतंय."

"काय केलंत अप्पा?"

"मी काय करणार? आपोआप झालं."

"तुमच्या कंप्युटरला रविवारीच कसा ताप येतो हो?" ऋतुजा म्हणाली. "थांबा, बघते. हात लावू नका."

अप्पांनी हात मांडीवर घेतले. थोड्या वेळानं पडद्यावरचा बाण आपणहून हलला. लेक लातूरला तिच्या कंप्युटरसमोर बसून नांदेडच्या या खोलीतला बाण फिरवत होती. तो कोपऱ्यात गेला, खाली आला, जरा थांबला. घरात कुणीतरी वावरत असल्यासारखं वाटलं. कानाशी तिचा आवाज होताच. भाजी कोणती केली, गुडघा कसा आहे, खालच्या बिऱ्हाडातली मांजर व्याली का. मधूनच तिच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू यायची, कुणीतरी तिला हाक मारायचं, आणि आपण पोरीचा एकुलता एक सुट्टीचा दिवस खातो आहोत असं वाटून अप्पांना चोरट्यासारखं व्हायचं.

लातूर काही लांब नव्हतं. सकाळच्या एसटीत बसलं की जेवायच्या वेळेला पोचता यायचं. पण लेकीच्या सासरी काम काढल्याशिवाय जायचं नाही, फोनसुद्धा कारण असल्याशिवाय करायचा नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. अप्पांची बायको गंगम्मा होत्या तोवर फोन त्याच करायच्या. आईला कारण लागत नाही. त्या गेल्या, आणि बापाला कारण शोधावं लागलं. अप्पांची सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झालेली. कंप्युटरवरचं एक जाड पुस्तक त्यांनी दुरुस्तीसाठी म्हणून विकत घेतलं होतं. वाचून बिघडवायला शिकले. कधी तारीख मागे न्यायची, कधी अक्षरं बारीक करायची. लेकीला फार त्रास होऊ नये म्हणून बिघाड बेतानंच करायचे.

मग एके दिवशी जावई आले. मल्लिनाथ कामासाठी नांदेडला आले होते, वाकडी वाट करून घरी आले आणि चहा निवायच्या आत कंप्युटरसमोर बसले.

"मामा, दर रविवारी तुमचे हाल होतात. आज कायमचा बंदोबस्त करतो."

"हाल कसले? चालतंय की."

"चालत न्हाई. आमच्या गल्लीत एका गुरुजींनी कुठली तरी लिंक दाबली, सगळं खातं साफ झालं. तुम्ही एकटे राहता."

मल्लिनाथांनी पडद्यावर मोठाली चित्रं मांडली: पेपर, पुस्तकं, फोटो, टपाल. बाकी सगळ्याला कुलूप. शेवटी त्यांनी बायकोला फोन लावला. पासवर्ड तिनंच लातूरहून टाकला.

"मलाबी सांगत न्हाई ती," जावई हसत म्हणाले. "आता तुम्ही कुठंबी दाबा, काहीच बिघडत न्हाई. फक्त मशीन चालू ठेवत जा. तुम्ही घरी नसलात तरी ऋतुजाला तिकडून बघता येतं. फोन करायची गरजच न्हाई."

"लई उपकार झाले," अप्पा म्हणाले. माणूस मनानं चांगला होता, हीच अडचण होती.

जावई गेल्यावर अप्पांनी तारीख बदलून पाहिली. पडद्यानं पासवर्ड मागितला. कळा उलट्या करून पाहिल्या, अक्षरं बारीक करून पाहिली. पडदा तेच विचारत राहिला. जाड पुस्तक काढून त्यांनी पुष्कळ पानं चाळली. शहाण्या माणसानं हे कुलूप तोडू नये, एवढंच त्यात नाना परींनी सांगितलं होतं.

रविवारी ते फोन पुढ्यात ठेवून बसले. खोटं सांगावं, तर ती लगेच बघणार. दुपारी तिचाच फोन आला.

"कंप्युटर चालतोय ना अप्पा?"

"चालतोय."

"काहीच अडलं न्हाई?"

"न्हाई. जावयांनी चोख काम केलं."

"मग बरं."

तिकडून कुणीतरी हाक मारली. "ठेवते," ती म्हणाली.

त्या आठवड्यात अप्पा पेपर वाचायचे, पुस्तकं वाचायचे. सगळं पहिल्या फटक्यात उघडायचं. संध्याकाळी पडद्यावरचा बाण जिथं ठेवला तिथंच असायचा.

पुढच्या रविवारी त्यांनी कंप्युटरसमोर बसून चष्मा लावला, आणि काढून पुसून पुन्हा लावला. पेपर, पुस्तकं, फोटो, टपाल, सगळी नावं गेली होती. त्यांच्या जागी गोल गोल अक्षरं होती, तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादला दुकानांवर असतात तशी. अख्खा कंप्युटर तेलुगू झाला होता. कधी बिघडणारच नाही असं ज्यांनी करून ठेवलं, त्या जावयांना आता काय सांगायचं? अप्पांनी लेकीचा नंबर लावला.

"माय, सगळं तेलुगू झालंय. खरं सांगतो, या बारीला मी काहीच केलं न्हाई."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "तुम्हाला करताच येत न्हाई अप्पा. पासवर्ड माझ्या एकटीकडं हाय."

पडद्यावरचा बाण सावकाश हलला. तिकडं आतून सासूबाईंनी ऋतुजाला हाक मारली, आणि फोन तोंडापासून जरा लांब धरून ती मोठ्यानं म्हणाली, "आई, तुम्ही जेवून घ्या. अप्पांचा कंप्युटर लई बिघडलाय, मला वेळ लागंल."