वाट दिली

मालवाहू जहाज अर्धा दिवस उशिरा धक्क्याला लागलं, तेव्हा बंदराचे साहेब कप्तानबाईंवर चिडूनच बसले होते.

"हवा चांगली, इंजिन ठणठणीत. मग घोडं अडलं कुठे, बाई?"

"बंदराच्या तोंडाशी. तिथली वाट अरुंद, आणि मधोमध देवमाशाची मादी. मेलेलं पिल्लू डोक्यावर घेऊन तरंगत होती. ते निसटून बुडायला लागलं, की बुडी मारून पुन्हा वर आणायची. माझे खलाशी कठड्याशी नुसते उभे होते."

"मग भोंगा वाजवायचा! झाली असती बाजूला."

"रस्त्यात अंत्ययात्रा आडवी आली तर तुम्ही हॉर्न वाजवता, साहेब?"

साहेब जरा वरमले. "पण माशासाठी जहाज थांबवा, असा नियम कुठाय?"

"मासा नाही हो, दूध पाजते ती. नियम नाही, तो करायला हवा. तोवर मी आपली थांबत जाईन."

बाई निघाल्या तशी साहेबांनी हळूच विचारलं, "शेवटी सोडलं का तिने पिल्लू?"

"नाही. त्याला घेऊनच बाजूला सरकली. वाट तिनेच दिली आम्हाला."