सहा इंचांची हद्द

मानवी संस्कृती सहा इंचांपर्यंत असते. त्यापुढे जंगल सुरू होतं. लॉर्ना प्रुइट यांची तशी श्रद्धाच होती, आणि ती सिद्ध करण्यासाठी या क्षणी त्या व्हर्जिल टॅकेट यांच्या अंगणातल्या गवतात लाकडी पट्टी रोवून गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यातला एक गुडघा गेल्याच वर्षी बदललेला होता.

शेजारी नगरपालिकेच्या निरीक्षक योलांडा कँतू उभ्या होत्या. गवत कापा, हे सोसायटीचं पत्र टॅकेट म्हाताऱ्यानं या खेपेला ऐकलं नव्हतं. नऊ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. म्हणून सोसायटीच्या अध्यक्षा या नात्यानं लॉर्नाबाईंनीच नगरपालिकेला बोलावलं होतं.

“दहा इंच!” लॉर्नाबाई खालून म्हणाल्या.

“शहराला बारापर्यंत चालतं, मॅडम.”

“सोसायटीला सहाच चालतं.”

“मग सोसायटीनं बघावं की. मला कशाला ओढता यात?” योलांडानं हातातल्या टॅबवर नकाशा मोठा केला. “आणि हे घर तुमच्या सोसायटीत आहेच कुठं? तुमची हद्द त्या कुंपणापाशी संपते. हे घर एकोणसाठ सालचं. सोसायटी झाली नव्वदला.”

लॉर्नाबाईंनी नकाशा दोनदा पाहिला. पत्त्यांच्या यादीत हे घर त्यांनीच घातलं होतं. सोसायटीच्या फाटकाला लागून होतं. त्यात विचारायचं काय?

मग त्यांनी घराकडे पाहिलं. दार पूर्वी भडक निळं होतं, दुसऱ्या पत्रानंतर ते बिस्किटी झालं. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गेल्या. अक्रोडासारख्या पिकनच्या झाडाची टरफलं फुटपाथवर पडतात असं कळवलं, तर तिसऱ्या आठवड्यात झाडच गेलं. उरलेल्या थोटकावर एक कुंडी होती. कुंडीचा रंगसुद्धा नियमात बसत होता.

व्हर्जिल टॅकेट बर्फ घातलेल्या चहाचे पेले घेऊन ओसरीवर आले. वय एक्याऐंशी.

“उठ गं आधी तिथून, लॉर्ना. लाल मुंग्यांचं वारूळ आहे. फोड येतील नको तिथं.”

लॉर्नाबाई उठल्या. उठायला वेळ लागला.

“तुम्ही सोसायटीत नाही, हे ठाऊक होतं तुम्हाला?”

“घर बापानं बांधलं, विटा मी वाहिल्या. मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?”

“मग झाड का तोडलंत?”

“तू लिहिलंस म्हणून.” म्हाताऱ्यानं पेला पुढे केला. “वर ‘प्रिय शेजारी’ असायचं, खाली तुझी सही. शेजारणीनं एवढ्या आपुलकीनं सांगितल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? या वेळी मात्र नाइलाज झाला बघ. गवतातल्या ब्लूबॉनेटच्या रानफुलांचं बी अजून पडायचंय. आत्ता कापलं तर पुढच्या वसंतात फूल नाही. तशी चिठ्ठी टाकली होती मी. मिळाली नाही का?”

मिळाली होती. विहित नमुन्यात नाही, म्हणून लॉर्नाबाईंनी ती फेटाळली होती.

योलांडाला एकाएकी आपल्या गाडीचे टायर तपासायची गरज भासली. ‘चुकलं माझं’ म्हणायला लॉर्नाबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात पेला हातात आला आणि ते राहूनच गेलं.

“बस जरा,” म्हातारा खुर्ची पुसत म्हणाला. “इतक्या वर्षांत कधी पायरी चढली नाहीस. पत्रं मात्र नेमानं.”

त्या बसल्या. बिस्किटी दाराकडे पाठ येईल अशा बसल्या.

‘प्रिय शेजारी’ हे शब्द कागदावर आधीच छापलेले असत, दर वेळी नाव लिहीत बसावं लागू नये म्हणून.